आजीच्या पिन्यॉनपाशी रचलेले ओंडके

बाबा, तुमच्या देल्फिनाचा नमस्कार.

१. उतारावरची पिन्यॉन पाइनची झाडं विरळ करा, असं मी जूनमध्ये सांगितलं.
२. तुम्ही म्हणालात, "अगं, बर्फ पडू दे आधी. उन्हाळ्यात पिन्यॉनला कुऱ्हाड लावत नाहीत." मी म्हणाले, "बाबा, झाडांना कॅलेंडर कळत नाही."
३. तुम्ही माझं ऐकलंत. अठरा पिन्यॉन तोडून ओंडके आजीच्या झाडापाशी रचलेत.
४. काल शेजारच्या कासिमिरोने इथे कॉलेजात येऊन फोटो दाखवला. आजीच्या झाडाचा शेंडा तांबूस झाला आहे.

ओल्या ओंडक्यांच्या वासाने साल पोखरणारे किडे येतात. हे मी शिकले होते, तरी सांगताना विसरले. दोन वर्षांच्या दुष्काळात झाडांत राळ उरलेली नाही, त्यामुळे त्यांना किडे रोखता येत नाहीत. जुनिपरची झाडं वाचतील, त्यांना हे किडे लागत नाहीत. आजीचं झाड गेलं, बाबा. उरलेले चाळीस पिन्यॉन अजून हिरवे आहेत, असं कासिमिरो म्हणतो.

हे पत्र घेऊन कासिमिरो पोचताच ओंडके दूर उन्हात न्या आणि जाड प्लास्टिकमध्ये घट्ट बांधा, म्हणजे आतले किडे उष्णतेने मरतील. आजीचं झाडही तोडून त्यांतच घाला. मला फोनवर हे बोलता आलं नसतं.

मी नीट जेवते. आईचा गुडघा कसा आहे? झाडाचं तिला मीच सांगेन.

चाळिसांपैकी किती हिरवे उरलेत, ते मोजून सोळा ऑगस्टपर्यंत कळवा.

देल्फिना