रेकॉर्ड उलटायची जागा

सिस्टर, तुमची ती सिंफनी परवा मुंबईला मी जिवंत माणसांनी वाजवलेली ऐकली. तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाल्यावर तुम्हाला हे सांगण्यात काही अर्थ नाही, ते मला कळतं. पण ती खोली आठवणारं दुसरं कोणी मला माहीत नाही, आणि माझा रागही तुमच्यावरच आहे.

अमरावतीच्या आपल्या शाळेची मागची संगीताची खोली. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, पाणी मारलेले, आणि त्या ओल्या वासात तुम्ही आम्हा मुलींची व्हायोलिनची रांग बसवताय. मी सगळ्यांत जोरात वाजवतेय, कारण जोरात म्हणजे चांगलं अशी माझी समजूत. तुम्ही पट्टी टेबलावर आपटता. ‘तुझं मला वेगळं ऐकू येतंय. म्हणजे तू दुसऱ्या कोणाचं ऐकत नाहीस.’ सगळ्यांदेखत मला रांगेतून उठवलंत आणि रेकॉर्ड प्लेयरपाशी नेऊन बसवलंत. तुम्ही रोज लावायचात त्या सिंफनीचा संथ भाग ऐन भरात आला की तबकडीची एक बाजू संपायची. मी उठायचं, तबकडी उलटायची, सुई हलक्या हाताने टेकवायची. तेवढ्यात मुली खोकून घ्यायच्या, कोणी वेणी नीट करायची. पुढे तुमची बदली झाली, तेव्हा जाता जाता तुमचं स्वतःचं व्हायोलिन माझ्या हातात ठेवलंत, एका शब्दाचंही स्पष्टीकरण न देता. जिला रांगेत जागा नाही तिने व्हायोलिनचं काय करायचं? मी ते माळ्यावर टाकलं, टेलिफोन खात्यात ऑपरेटरची नोकरी धरली आणि तिथूनच निवृत्त झाले.

ते खाली काढलं माझ्या भाचीने, धाकट्या भावाच्या मुलीने. भाऊ अकोल्याला असतो, जुन्या शहरात त्याचं सरकी-ढेपेचं दुकान आहे. पोरगी व्हायोलिन वाजवत वाजवत मुंबईच्या ऑर्केस्ट्रात जाऊन बसली, आणि बापाचा जीव खालीवर व्हायला लागला. ‘एक डाव सोता पाहून घेतो,’ तो म्हणाला. ‘नाही पटलं तं संगंच घेऊन येतो तिले. बँकेची परीक्षा दे म्हनाव.’ परतीची तिकिटंसुद्धा त्याने तिघांची काढली. मी खूप बोलले, तो ऐकेना, म्हणून मीही सोबत गेले.

भाचीने आदल्या दिवशी सांगितलं होतं, ‘आत्या, उद्याचे कंडक्टर पाहुणे आहेत. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना कोणी ओळखत नव्हतं, आणि आमचा ऑर्केस्ट्राही नवाच होता. निम्म्या खुर्च्यांवर परदेशातून बोलावलेले वादक. पुढे ते मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांकडे गेले, तरी इथे यायचे थांबले नाहीत. आता त्या खुर्च्यांवर आम्ही बसतो.’ आला तो कठड्याला धरून चौथऱ्यावर चढणारा म्हातारा. आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

‘हा काय वाजवते?’ भाऊ कुजबुजला.

‘काही नाही.’

‘मंग सारे याच्याकडंच काहून पाहून राहिले?’

‘तू गप बस.’

‘बाई, पन इतक्या जनांत आपल्या पोरीचं कोनतं, ते कसं समजाव?’

मी त्याला कोपर मारलं.

मग संथ भाग सुरू झाला. म्हाताऱ्याने डावा तळवा जरासा खाली नेला, आणि कापसाच्या ढिगावर हात दाबावा तसा त्या सगळ्या माणसांचा आवाज खाली बसला. मी आयुष्यभर लोकांना ‘धरून ठेवा’ सांगत आले, पण एवढ्या लोकांनी एकदम श्वास धरून ठेवलेला कधी पाहिला नव्हता. आणि ती जागा आली. तिथे आवाज तुटतो, सुई खरखरते, मुली खोकतात. काहीच तुटलं नाही. मागच्या एका बासरीने धरलेला सूर व्हायोलिनच्या रांगेने तसाच, थेंबही न सांडता, स्वतःकडे घेतला. माझी भाची त्या रांगेत मान किंचित शेजारणीकडे कलवून बसली होती. सबंध सिंफनीतली सर्वांत सुंदर जागा तीच आहे, सिस्टर, आणि ती मी रोज माझ्या हाताने कापत होते. निदान सांगायचं तरी होतंत!

बाहेर भाची पेटी घेऊन आली. ‘बाबा, कसं झालं?’

‘तुहं काही वेगळं ऐकू नाही आलं मले.’

तिचा चेहरा उतरला.

‘कान देऊन बसलो होतो न मी,’ भाऊ म्हणाला. ‘तरी नाही आलं. म्हंजे साऱ्यांमंधी बराबर मिसळून वाजवलं असशीन तू.’ एवढं बोलून तो चहा कुठे मिळतो ते बघायला गेला. परतीच्या गाडीत भाचीच्या रिकाम्या बर्थवर त्याने आपली पिशवी ठेवली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एवढं लिहूनच टाकते. ती जागा आली, तेव्हा मी भर सभागृहात खुर्चीतून अर्धी उठले होते. हातही पुढे केला होता. भावाने पदर धरून मला खाली ओढलं. ‘बस न बाई, कुठं चालली?’

रेकॉर्ड उलटायला, सिस्टर.