मुका काँप्युटर

वांबोरी, ता. राहुरी
सोमवार, दि. १० नोव्हेंबर २०२५

सौ. रुपाली हिस,
लंकाबाईचा जयभीम. वि. वि. कसली करतेस, काल तू टेम्पोतून पाठवलेलं ते खोकं सुरूच होत न्हाई! बटन दाबलं की काचेआड पंखे गरगर फिरत्यात, लाल-निळे दिवे लागत्यात, जत्रेतला पाळणा जसा. आन् समोरचा पडदा काळा ठिक्कर. काल दुपारपासून आज सकाळपर्यंत दाबून दाबून माझं बोट दुखाय लागलं. हे काय तू बनवलंस? दुकानावर एवढी मोठी पाटी लावून बसतीस, ती उतरव.

हे पत्र आलं म्हणून माझी शपथ मोडली असं समजू नको. तुझ्या दुकानाची फीत कापायचा मान थोरल्या नणंदेचा असताना तू कात्री तुझ्या आईच्या हातात दिलीस. मी हार घेऊन खांबासारखी उभी. तवाच सगळ्यांच्या देखत सांगितलं हुतं, या तोंडानं तुझ्याशी बोलणार न्हाई. हे तोंड न्हाई, पेन हाय. श्रीमंताला फोन केला तर माझा सख्खा भाऊ म्हणतो, नणंद-भावजयीच्या मधी मी निरोप्या व्हणार न्हाई, तुमचं तुमी बघा. म्हणून गोरक्षनाथच्या भाजीच्या टेम्पोतून कागद धाडते. चौथीपर्यंतच शिकले, अक्षराला हसू नको.

तुला ठाऊकच हाय, प्रज्ञाचं पहिलं बाळंतपण माझ्याकडं. घरांचे नकाशे काढायचं तिचं काम. कंपनीनं घरून करायची परवानगी दिली ती मोठा काँप्युटर असला तरच. येत्या सोमवारी सतरा तारखेला कामावर बसली न्हाई तर तिच्या जागी दुसरी घेणार. पोरीचं बीपी वाढलं म्हणून नगरला दवाखान्यात ठेवलीय, तिची सासू तिच्याजवळ हाय. शनिवारी घरी येईल. रोज फोनवर विचारती, आई, मामीनं बनवलेला काँप्युटर आला का, चालतो का. मी म्हणते चालतो. खरं सांगितलं आन् बीपी अजून वाढलं तर काय करू? तिला फोन करून एक अक्षर सांगायचं न्हाई, बजावून ठेवते.

आई टेम्पोतून सुखरूप उतरली. उतरल्यापासून चंची मांडीखाली घेऊन बसलीय. पानाला सुपारी मागितली तर द्यायला तयार न्हाई. तुझ्याकडं राहून कंजूस झाली.

लोभ हाय तेवढाच ठेव, वाढवू नको.
लंकाबाई


श्रीरामपूर
सोमवार, दि. १० नोव्हेंबर २०२५

ती. लंकाताई यांना,
रुपालीचा सप्रेम जयभीम. पत्र वाचून धक्का बसला. शनिवारी हाच काँप्युटर दुकानात दिवसभर चालवून बघितला होता. तुम्हाला पाच वेळा फोन केला, तुम्ही कापलात. मग मीही लिहिते. पेन माझ्याकडेही आहे.

घाबरू नका, पंखे फिरतात म्हणजे वीज आत पोचते आहे. पडद्याची वायर मागच्या बाजूला नीट बघा. वर एक उभं भोक आहे आणि खाली आडवी आहेत. वायर खालच्या आडव्यात हवी, वरच्यात घातली तर पडदा काळाच राहतो. पडद्याचं स्वतःचं बटनही दाबून बघा. एवढं करून नाही झालं तर काचेतून आत बघा, एका कोपऱ्यात बारीक दिवे आहेत. त्यातला कोणता लागून राहतो आणि त्याच्याजवळ काय लिहिलंय ते बघून कळवा.

पाटी उतरवणार नाही. प्रज्ञाला काही बोलणार नाही, शब्द देते. सासूबाईंना सांभाळा.

आपला लोभ आहे तेवढाही पुरे.
रुपाली


वांबोरी
मंगळवार, दि. ११ नोव्हेंबर २०२५

सौ. रुपाली हिस,
जयभीम. वायर वरच्याच भोकात हुती. ती चूक माझी, पुन्हा काढू नको. खालच्या आडव्यात घातली. पडद्याचं बटन दाबलं तर कंपनीचं नाव आलं आन् गेलं, पुन्हा काळोख. पडद्यावरचं प्लास्टिक मी काढलेलं न्हाई आन् काढणार बी न्हाई, नवी वस्तू हाय.

मग चष्मा लावून काचेला नाक लावलं. पिवळा दिवा लागून राहतो. त्याच्याजवळ इंग्रजी हाय, मी चित्र काढावं तसं काढून धाडते, खाली बघ. त्यातलं पहिलं अक्षर पोटफुगं हाय, शेवटचं दोन डोंगरांचं.

आई खाटेवर बसून माझी सगळी कसरत बघती आन् पदरात हसती. म्हणती, कशाला डोळे फोडतीस, रुपालीला फोन लाव की, ती तिथून सांगंल. मी म्हणलं तू चहा पी. तर म्हणती, प्रज्ञाच्या लेकराच्या नामकरणाला नाव बी गोरक्षनाथच्या टेम्पोतून पाठवणार व्हय? हिला एवढं बोलायला तूच शिकवलंस का?

गोरक्षनाथ सकाळी दारात हॉर्न वाजवून विचारतो, मावशी, आज कागद हाय का? त्याला मेथी-कोथिंबिरीपेक्षा आपल्या भांडणात जास्त गोडी लागलीय. लवकर उपाय धाड. सोमवार डोक्यावर बसलाय.

लंकाबाई


श्रीरामपूर
मंगळवार, दि. ११ नोव्हेंबर २०२५

ती. लंकाताई,
सप्रेम जयभीम. चित्र छान काढलंत, लगेच कळलं. तो दिवा मेमरीचा आहे. म्हणजे मशीनला तिची मेमरी सापडत नाही, टेम्पोच्या हिसक्यांनी पट्ट्या सैल झाल्या असणार. नेहमी होतं, मोठं काही नाही.

आधी पिन भिंतीतून काढा. मग मागच्या बाजूचे स्क्रू हातानेच फिरवून काचेचं दार उघडा, पाना लागत नाही. आत हात घालण्याआधी लोखंडी भागाला हात लावा. मोठ्या पंख्याच्या उजवीकडे दोन काळ्या पट्ट्या उभ्या असतील, वितीपेक्षा थोड्या आखूड, फणीसारख्या. दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा, कट्ट असा आवाज येऊन बाजूचे कान बंद झाले पाहिजेत. तरीही नाही झालं तर पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा आणि परत बसवा.

सासूबाईंना मी काही शिकवलेलं नाही. त्या आधीपासून तशाच आहेत. तुम्ही कुणाच्या लेक ते आठवा, मग कळेल.

रुपाली


वांबोरी
बुधवार, दि. १२ नोव्हेंबर २०२५

रुपाली,
जयभीम करायची बी इच्छा न्हाई, रिवाज हाय म्हणून केला. पिन काढली, दार उघडलं, लोखंडाला हात लावला, सगळं तुझ्या कागदाप्रमाणं. आन् पट्ट्याच न्हाईत! मोठ्या पंख्याच्या उजवीकडं नुसत्या रिकाम्या खाचा. मोबाईलची बॅटरी लावून बघितलं, बोट फिरवून बघितलं. दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या जबड्यासारखं बोळकं हाय आतमधी.

मेंदू काढून घेऊन रिकामी कवटी पाठवलीस आन् वर मला म्हणतीस अंगठ्यानं दाबा? एका पोटुशी पोरीच्या वस्तूतून पट्ट्या काढून ठेवताना तुझा हात कसा न्हाई थरथरला? कात्रीचा राग मनात धरला हुता तर माझ्यावर काढायचा, प्रज्ञावर कशाला? मला तर एवढंच दिसतं की या घरात एक चोर हाय आन् तिचं दुकान श्रीरामपुरात हाय. गोरक्षनाथला बी विचारलं, वाटेत खोकं उघडलं का म्हणून. तो रागावून निघालाय, हा कागद आता टेम्पोच्या मागं पळत जाऊन द्यावा लागंल.

उद्या पट्ट्या आल्या पाहिजेत. लोभ संपला.
लंकाबाई


श्रीरामपूर
बुधवार, दि. १२ नोव्हेंबर २०२५

ताई,
जयभीम. तुमचं पत्र दुकानात उभ्याने वाचत होते, चोर या शब्दाला पोचले आणि खुर्ची ओढून बसले. समोर गिऱ्हाईक होतं, त्याने पाणी आणून दिलं. आपल्या माणसाचं काम म्हणून मी तो काँप्युटर बनवला, एकेक स्क्रू बघून. दोन्ही पट्ट्या माझ्या हाताने बसवल्या. पडद्यावर मोठ्या अक्षरात प्रज्ञाचं नाव आणून दाखवलं, आणि ते बघायला शेजारी सासूबाई होत्या. विचारा त्यांना.

हे लिहिताना मला एक आठवलं. त्या दिवशी सासूबाईंनी मला विचारलं होतं की, यातलं असं काय आहे, जे काढलं तर मशीन मरत नाही, पण उठतही नाही? मला कौतुक वाटलं. म्हटलं या वयात शिकायची हौस आहे. मी पट्टी काढून दाखवली, कान कसे उघडायचे, दार हाताने कसं उघडतं, सगळं. त्यांनी स्वतः एकदा काढून परत बसवली. गिऱ्हाइकांना मी अभिमानाने सांगत होते की माझी सासू बघा. रविवारी त्या खोक्याबरोबर टेम्पोतून तुमच्याकडे आल्या. खोकं पोचलं तेव्हा तुम्ही कांद्याच्या वावरात होतात, घरी त्या एकट्याच होत्या, असं श्रीमंत म्हणतात.

मोठ्या माणसावर संशय घेऊ नये. पण ताई, चंचीत बघा.

रुपाली


वांबोरी
गुरुवार, दि. १३ नोव्हेंबर २०२५

सौ. रुपाली हिस,
लंकाबाईचा जयभीम. तुझा कागद वाचून मी खाटेपाशी गेले आन् हात पुढं केला. आईनं मांडीखालून चंची काढली आन् नाडा सोडला. सुपारी, कात, चुन्याची डबी, तंबाखूची पुडी, आन् सगळ्यात खाली रुमालात गुंडाळलेल्या तुझ्या दोन काळ्या पट्ट्या. जिनं मला जन्म दिला तिनं माझ्या डोळ्यादेखत चार दिवस मला त्या खोक्याभोवती नाचवलं आन् खाटेवरून मजा बघितली!

मी झडप घातली तर नाडा आवळून घेतला. म्हातारीच्या मुठीत अजून जोर हाय. म्हणाली, तिला वाटलं हुतं मी त्याच संध्याकाळी तुला फोन करीन. मी पेन उचलीन असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. म्हणाली, पट्ट्या जपून ठेवल्यात, तुमच्या दोघींच्या जिभा कुठं हरवल्यात त्या आधी हुडका. पट्ट्या देईन तर रुपालीच्याच हातात, ह्याच घरात, आन् तुमी दोघी बोललेलं ह्या कानांनी ऐकल्यावर. मी ओरडले की पोरीची नोकरी जाईल. तर शांतपणे म्हणाली, अजून सोमवार उजाडला न्हाई. आन् पुढं म्हणाली, लेकराला मामी-आजी आन् आजी एकमेकींशी बोलत न्हाईत असं घर दाखवायचं का? मी मोरीत जाऊन उगीच भांडी घासत बसले.

आता तू ऐक. मी तुला चोर म्हणाले ते कागदावर म्हणाले, तोंडानं न्हाई, ध्यानात ठेव. तरी तो कागद चुलीत घाल. गोरक्षनाथला चहा आन् भजी खायला घातली, त्याचा राग गेला. शपथेचं म्हणशील तर ती मी तुझ्या दुकानात घेतली हुती. माझ्या घरात ती लागू न्हाई, असं मी ठरवलंय. तू दारात आलीस की मी ये म्हणीन. पुढचं पुढं बघू.

प्रज्ञा शनिवारी दुपारी यायची हाय. ती यायच्या आत यंत्र उठलं पाहिजे. तर तू शनिवारी सकाळच्या एसटीनं ये. बटन कोण दाबणार ते आल्यावर ठरवू, पण तुझ्या आईला बरोबर आणू नको. कात्री आण. पडद्याचं प्लास्टिक कापून काढायचं झालंच तर लागंल, आन् ते मी कापणार हाय.

एक खरी काळजी राहिली. एका पट्टीच्या सोनेरी दातांना चुना लागलाय, दुसरीला तंबाखूचा वास येतो. नुसतं खोडरबर पुरंल का काही बिघडलं असंल? रात्रभर हाच घोर हाय. तेवढं आधी कळव, आन् जेवायला बोंबील करू का कोंबडी ते बी लिही.

लोभ किती वाढवायचा ते समोरासमोर बसून ठरवू.

उद्या शुक्रवारी संध्याकाळच्या टेम्पोनं उत्तर आलंच पाहिजे. आलं न्हाई तर मी फोन लावीन, सांगून ठेवते.

लंकाबाई