टाकीतलं पाणी

तीर्थरूप बाबा,

इथूनच तुमच्या पाया पडते. आईचा गुडघा कसा आहे?

ह्यांना घेऊन उद्या मोठ्या इस्पितळाकडे निघतेय. ट्रकवरच्या आमच्या घरातच ह्यांची गादी घातलीय. रस्ता लांबचा आहे आणि वाटेत गॅरेज नाही, पण काळजी करू नका.

ट्रक महिनोन्महिने उभा होता. डिझेलच्या टाकीत तळाशी साचलेलं पाणी काढून टाकलं. नवा फिल्टर तुमच्या पद्धतीने, आत डिझेल न ओतता कोराच बसवला. कॅनमधून भरला असता तर न गाळलेल्या डिझेलमधला कचरा थेट पंपात गेला असता. मग हातपंप मारून डिझेलच्या नळीतली हवा काढली.

हे खिडकीतून बघत होते. म्हणाले, "शोभतेस बापाची लेक! पोचू ना गं पण?"

"डिझेल स्वच्छ आहे," मी म्हणाले.

आईने विचारलं तर गाडी उत्तम आहे म्हणा. तेवढं खरं आहे.

तुमची,
धाकटी