पाय दाखव!

३ नोव्हेंबर
पुन्हा तेच! पहाटे पाचला काठीने पलंगांचे कठडे वाजवत जहाजी हजर. "शो अ लेग! शो अ लेग!" पांघरुणाबाहेर पाय दिसला नाही की पांघरूणच गायब. ही लाँड्री म्हणजे खाली हॉटेलांच्या चादरी धुवायच्या आणि वर बारा पलंगांवर पडायचं. काम आहे तोवर पलंग. आजारी पडलात की चालू लागा — मालकिणीचा नियम. पण मालकीण परवडली, हा मुकादम नको. पंधरा वर्षं बोटीवर होता म्हणे, म्हणून जहाजी. बुडाला कसा नाही!

४ नोव्हेंबर
दोन मिनिटं उशीर. तोंडावर मगभर गार पाणी. बाकीचे फिदीफिदी. लक्षात ठेवीन.

६ नोव्हेंबर, रविवार
वाचनालयात गेलो. जहाजीच्या त्या 'शो अ लेग' शिवीचा अर्थ शोधायचा आणि चारचौघांत त्याच्याच तोंडावर मारायचा, असं ठरवून. आधी गाठींच्या पुस्तकात तासभर गेला. (एक गाठ जमली. बुटाची नाडी आता सुटत नाहीये.) मग सापडलं. शिवी नाहीच! ऊठ, आवर, हातपाय हलव — एवढाच अर्थ. इंग्रजांच्या जुन्या आरमारातलं बोलणं. बोट बंदरात लागली की खलाशांच्या बायकाही बोटीवर राहायच्या. सकाळी झोपायच्या झोळ्यांसमोर हुकूम सुटायचा, पाय दाखवा! बाईचा पाय दिसला तर झोपू द्यायचं, पुरुषाचा दिसला तर खाली ओढायचं. पुढे पुस्तकवालाच म्हणतो, ही सांगोवांगी असेल, पुरावा नाही. मग तीन पानं खर्चलीस कशाला बाबा?

७ नोव्हेंबर
मोठ्या तोऱ्यात विचारलं, "बोटीवर काहींना झोपू द्यायचे ना? मग इथं का नाही?"
जहाजी म्हणाला, "वाचून आलास वाटतं! आता चादरी वाच. दोनशे आहेत."
परत फिदीफिदी! पण एक गोष्ट दिसली. कोपऱ्यात इस्त्रीवाले काका झोपतात. त्यांच्या कठड्यावर काठी पडतच नाही. महाराज सहाला उठतात. आम्हाला पाणी, त्यांना लाड!

९ नोव्हेंबर
तीन दिवस पाहतोय, रोज तेच. काका त्याचा सासरा आहे की काय? मालकिणीच्या कानावर घातलं. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

१० नोव्हेंबर
मालकीण आज स्वतः पाचला वर आली. काकांचं पांघरूण तिनेच ओढलं. दोन्ही गुडघे सुजून टम्म. "तासाभरात वळतात, ताई. मग दिवसभर उभा राहतो," काका म्हणाले. ती म्हणाली, "नियम सगळ्यांना सारखा."
दुपारी ट्रंक घेऊन निघाले. माझ्यापाशी थांबले. "पोरा, माझी उशी घे. तुझी पार पापड झालीय." घेतली. काय करणार?

११ नोव्हेंबर
सकाळच्या चादरी इस्त्रीविना पडून. तेव्हा कळलं — काकांच्या इस्त्रीची पहिली थप्पी रोज जहाजीच करायचा, चारला उठून. धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तुला झोपेत कसं दिसणार?"
जेवताना मालकिणीने सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "याच्यामुळे कळलं हो!" कुणी हसलं नाही. जहाजीने ताटातून मान वर केली नाही.
तरी मी म्हणतो, त्याने पाणी ओतलं नव्हतं का? ओतलं होतं!

१३ नोव्हेंबर
कुणी बोलत नाही. मीठ मागितलं, दिलं नाही. मरा!

१४ नोव्हेंबर
उशीला कापूर नाहीतर कसल्याशा मलमाचा वास. बदलायला हवी. बदलली नाही.

१६ नोव्हेंबर
ताप. पहाटे उठवेना. मालकीण आता रोज विचारते, पाचला कोण उठलं नाही. ट्रंकसुद्धा नाही माझ्याकडे, नुसती पिशवी. काठी जवळ आली. "शो अ लेग!" मी कसाबसा एक पाय बाहेर काढला. जहाजी थांबला. पायाला हात लावला — भाजला असेल. पांघरूण ओढून पाय झाकला आणि पुढच्या पलंगाचा कठडा वाजवला.