मालकांचा कौल

११ जानेवारी
हातावरची हळद अजून गेली नाही आणि मी कळंब्याची सून होऊन बसलेसुद्धा! घर झकास आहे, गच्चीवरून तलाव दिसतो. सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात, मीही तेच सुरू केलं. इथल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, 'मालक' म्हणतात. मी विश्वजितला मुद्दाम चारचौघांत 'अहो मालक' अशी हाक मारली. बिचारा कानापर्यंत लाल झाला.

हॉलला लागून सासऱ्यांची खोली आहे. हंबीरराव, आमचे मामंजी. दिवाळीपासून बेशुद्ध आहेत. गळ्यात नळी, उशाशी व्हेंटिलेटर. त्याची फुसफुस घरभर ऐकू येते. सवय होईल, असं सगळे म्हणतात.

१५ जानेवारी
डॉक्टर येऊन गेले. मामंजी आता शुद्धीवर येणार नाहीत, मशीनचं काय करायचं ते घरच्यांनी ठरवा, म्हणाले. थोरले दीर विजयसिंह जिल्हा परिषदेला उभे आहेत. त्यांनी तिथंच सुनावलं, ''मतदान होईस्तोवर मशीनला कुणी हात लावायचा न्हाय. सुतकात प्रचार कसा करू?'' विश्वजित भडकला. ''बाप हाय का पोस्टर?'' म्हणाला.

मामंजींचा राजकारणातला गट फुटलाय. दोन्हीकडची माणसं येतात, त्यांचा निर्जीव हात हातात धरून फोटो काढतात आणि 'हंबीरराव आमच्याच बाजूला' म्हणून सांगत सुटतात. मला संताप येतो. त्या माणसाला सुखानं जाऊ द्या की.

२० जानेवारी
काल चौकात दगडफेक झाली. नेट बंद आहे. भाऊ-भाऊ बोलत नाहीत. शेवटी अक्का म्हणाल्या, देवीला कौल लावू. देवीच्या अंगावर दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

देवळात अक्कांचे हात कापत होते, म्हणून कळ्या मी लावल्या. त्यांनी डोळे मिटून विचारलं, ''आई, मालकांना मोकळं करू काय?'' माझं बोट निघतंय न निघतंय तोच उजवी कळी खाली आली. अक्का ढसाढसा रडल्या. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

दिरांनी मात्र ऐकलं नाही. कौल असो नाहीतर काही असो, मतदानानंतर बघू, म्हणाले.

२३ जानेवारी
विश्वजितला जिना चढताना धाप लागते. दवाखान्यात नेलं. सगळं नॉर्मल आहे, दगदग कमी करा, असं सांगून परत पाठवलं. तिकडे मामंजींच्या गालावर रंग आलाय. सकाळी त्यांचं बोट हललं. मी अक्कांना आनंदानं सांगायला गेले, तर त्या आधी विश्वजितला बघायला धावल्या.

२६ जानेवारी
मामंजींनी डोळे उघडले! दीर पेढे वाटतायत.

विश्वजित वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलाय. त्याचा श्वास मशीनच्या तालावर चालतो. खाली फुस्स झालं की वर त्याची छाती फुगते. मी दोनदा खाली-वर करून पाहिलं.

अक्कांनी मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. ''हात तुझा हुता गं पोरी. मी मालक म्हटलं, आन् देवीनं तुझा मालक धरला.'' अक्कांनी जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. तिथंही जिभेवर आलं नाही.

२८ जानेवारी
पुन्हा कौल लावायला निघालो, या वेळी नावं घेऊन. देवळाचा रस्ता बंद. बंदोबस्त. मी हवालदाराच्या हातापाया पडले. ''वैनी, घरला जावा,'' एवढंच म्हणाला.

विश्वजितचे ओठ निळे पडलेत. मला खूप भीती वाटतेय.

३० जानेवारी
अक्का म्हणाल्या, बंद कर मशीन. मी म्हटलं, मामंजी आता बघतात, ओळखतात.  मग त्या स्पष्ट म्हणाल्या, ''हंबीररावांना सोड. माझ्या लेकाला ठेव.''

पहिल्यांदाच नाव घेतलं त्यांनी. माझ्याच्यानं होत नाही.

३१ जानेवारी
भर दुपार. सगळे प्रचाराला गेलेत. अक्का वर विश्वजितपाशी. मी खाली, मामंजींपाशी. करण्याआधी लिहितेय. देवी, मी खून करत नाहीये, कौल तूच दिलास—

बटण बंद केलं.

मामंजी श्वास घेतायत. मशीन बंद आहे आणि ते श्वास घेतायत, खोल, सावकाश. उठून बसतायत—

म्हणजे मशीन त्यांच्यासाठी नव्हतंच चालू—

बटण पुन्हा दाबलं. सुरू होत नाही. दाबतेय, सुरूच होत नाही—

वर अक्का ओरडतायत, लेकाला हाका मारतायत. तो ओ देत नाही. मी इथूनच नाव घेते, मोठ्यानं, विश्वजित, विश्वजि—