तनुजाची उडती बाटली

२६ सप्टेंबर
कागदा, परवा सांगितलेलं विसरलास ना? मला अक्षर येत न्हाई, तरी सगळं ध्यानात हाय. शिल्पा, हसू नको, लिही. सुनेचं अक्षर, सासूचं तोंड!
तर पुन्हा सांगते. नात तनुजा, शिल्पाची लेक, लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेत नापास झाली. घरी आली तवापासून बोलत न्हाई, ताटाला हात लावत न्हाई. पोरगी वाळून चालली.

२८ सप्टेंबर
आज अंगणात खटपट! तनुजाची नांदेडची मैत्रीण धम्मप्रिया, तिच्या कॉलेजात दसऱ्यानंतर बाटल्या उडवायची स्पर्धा हाय म्हणं. बाटलीत थोडं पाणी, पंपानं हवा भरायची, दोरी ओढली की बाटली आभाळात. ज्याच्यावरून उडवायची ते ठाणं तनुजानं करून आणायचं. तिनं पाईप कापला, हवा निसटू नये म्हणून त्यावर रबराचं वायसर चढवलं. मी म्हणलं, डॉक्टर न्हाई तर प्लंबर तरी झालीस. हसली न्हाई. पर अर्धी भाकर खाल्ली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
विळा, खुरपं, कुऱ्हाड धुऊन पूजेला मांडले. रांगंत तनुजाचा पाईपही ठेवला. तेही हत्यारच की! त्याच्या तोंडाला ओलं कुंकू लावलं, वर मूठभर अक्षता.

दसरा
हवा भरली — फुस्स. बाटली आडवी. पुन्हा भरली, पुन्हा तेच. तनुजानं वायसर उपसलं. खाली माझ्या अक्षता! रबर फाटलेलं. माझ्यावर ओरडली असती तर बरं होतं. सगळं पोत्यात कोंबलं. ताट तसंच.

३ ऑक्टोबर
दाराआडून म्हणली, "आज्जे, माझ्या हातानं काहीच होत न्हाई." हात तर माझा होता.

४ ऑक्टोबर
पहाटे अंथरूण रिकामं. भागवत, तिचा बाप, आधी विहिरीकडं पळाला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. शिल्पाला लिहवत न्हाई. राहू दे.

त्याच दिवशी, दुपारी
नांदेडहून तनुजाचा फोन! पहिल्या एसटीनं गेली, पोतं घेऊन. नवं वायसर बसवलं, स्पर्धा उद्या. सांगून का गेली न्हाईस, विचारलं. म्हणली, "सांगितलं असतं तर तू एसटीलाबी कुंकू लावलं असतंस." मग हळूच म्हणली, "आज्जे, लई भूक लागली."
शिल्पा, डोळे पूस, लिही. धपाटे दह्यात मळायचे, मैत्रिणींनाही पुरतील इतके. संगं शेंगदाण्याची चटणी. भागवत आजच नेऊन देईल. अन् डबा मी भरणार न्हाई, माझा हात त्यातबी अक्षता टाकंल. तूच भर.