दारातला विद्यार्थी

प्रिय टोळ,

हाक वाचून हसू नकोस. केस पिकायला लागलेल्या माणसाला टोळ म्हणू नये हे मलाही कळतं. पण हे नाव तुझ्या आईने ठेवलं आणि आता तिला ते आठवत नाही, तेव्हा घरात कुणीतरी ते वापरात ठेवायला हवं. फोनवर तू विचारतोस, आई कशी आहे, मी म्हणतो, बरी आहे, आणि मग आपण दोघेही घाईघाईने हवापाण्यावर येतो. कागदावर अशी पळवाट सापडत नाही, म्हणून लिहितोय.

दुकान मी आता दुपारीच बंद करतो. दुरुस्तीला आलेले पंखे फळीवर धूळ खात पडलेत, गिऱ्हाइकं कुरकुरतात. कुरकुरू देत. सकाळी बोलायला शिकवणारी मुलगी येते. बिचारी फार जीव ओतते. कप, कंगवा, छत्री अशी चित्रं एकेक करून पुढे धरते. ओळख करून न देता कुणी पाहुणा समोर आणून बसवावा, तशी तुझी आई त्या कपाकडे बघते. एकही नाव तोंडातून फुटत नाही. मग चिडून पत्ते ढकलून देते, आणि ती मुलगी गेली की रडते. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत बसतो.

पण मध्ये एकदा मी तिच्या पेल्यात पाणी ओतत होतो आणि ती म्हणाली, "पोअर". अगदी खणखणीत, वर्गातल्या आवाजात. मी बघतच राहिलो, पाणी टेबलावरून खाली गेलं तरी भान नाही. मग दार उघडलं, ती म्हणाली, "ओपन". खाली बसलो, "सिट". वेड्यासारखा उठाबशा काढत घरभर हिंडलो आणि ती बसल्या जागेवरून एकेक शब्द देत राहिली. नावं गेलीत रे सगळी, तुझं आणि माझंही. क्रियापदं तेवढी थोडी उरलीत.

तिचंच म्हणणं होतं ना, की नाव विसरलं तर "ते हे आपलं" म्हणून वेळ मारून नेता येते, पण क्रियापद विसरलं की वाक्य जागचं हलत नाही. म्हणून तर पोरांना ती क्रियापदं पाठ करायला द्यायची नाही, करायला लावायची. तिची इंग्रजीची शिकवणी भरायची ती आपली पुढची खोली आठव. खिडकीपाशी भूतकाळ, मधल्या चटईवर वर्तमान, दारात भविष्य. चटईवर "गो" म्हणणारं पोर खिडकीशी पोचलं की त्याचं "वेन्ट" व्हायचं, आणि दारात जायचं तर सोबत "विल"ला न्यावंच लागायचं, कारण इंग्रजीत भविष्याला एकट्याने जाता येत नाही. "ही" किंवा "शी" झालेल्या पोराच्या कमरेला रुमालाचं शेपूट, तो त्याचा "एस". खिडकीपाशी गेलं की शेपूट काढून ठेवायचं, हे कुणीतरी हमखास विसरायचं आणि सगळा वर्ग लोळून हसायचा.

आणि मी हेल्पिंग व्हर्ब. सगळ्या पोरांसमोर सांगायची, हे बघा आमचे हे, यांना एकटं उभं केलं तर काही अर्थ लागत नाही, पण यांच्यावाचून माझं पुढे सरकतही नाही. मी दुकानातून काळे हात घेऊन यायचो आणि पोरं ओरडायची, हेल्पिंग सर आले! तेव्हा लाजायचो. आता संध्याकाळी तिचे केस विंचरताना ते वाक्य आठवतं आणि फार एकटं वाटतं.

तू दवाखान्यात आला होतास तेव्हा तिने तुझ्याकडे पाहून तोंड भिंतीकडे वळवलं. तू बाहेर बाकावर बसून म्हणालास, बाबा, ती मला ओळखतच नाही, मी येऊन करू काय? त्यानंतर तू आला नाहीस. तुला त्यासाठी बोल लावत नाही. आईने परक्यासारखं पाहावं यापेक्षा न पाहिलेलं बरं, हे मला समजतं. पण आता क्रियापदंही गळायला लागलीत. "पोअर" गेलं. "ओपन" म्हणायला परवा तिने ओठ उघडले आणि तसेच राहिले. डॉक्टर म्हणतात, हे असंच होत जाणार.

एक मात्र अजून शाबूत आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. तुला आठवतं का, बाईंचा मुलगा म्हणून कुणी बोलू नये यासाठी तुझी पाळी नेहमी शेवटी असायची? तुझं क्रियापद ठरलेलं, "वेट". हात मागे बांधून, गाल फुगवून तू दारात उभा. सगळी पोरं घरी गेली की ती दाराकडे बघून म्हणायची, "कम", आणि तू टोळासारखी उडी मारून तिच्या अंगावर पडायचास. हल्ली रोज संध्याकाळी ती दाराकडे बघते आणि म्हणते, "कम". आधी वाटलं मलाच बोलावते. जवळ गेलो, तर मला हाताने बाजूला सारलं आणि माझ्या मागे बघत राहिली. तुझं नाव तिला माहीत नाही रे. आपण कुणाला तरी दारात उभं करून ठेवलंय, एवढंच तिला माहीत आहे. अंधार पडेपर्यंत बोलावत राहते, कुणी येत नाही, मग मी दिवा लावतो. तो शब्द जायच्या आत ये. बेल वाजवू नकोस, थेट आतही येऊ नकोस. दार मी उघडंच ठेवतो. हात मागे बांधून उभा राहा. ती म्हणाली की मग ये.

तुझाच,
हेल्पिंग सर